टाक्याच्या डोंगराचं पान

शमीम, तुझं पुस्तक सापडलं. हरवलं नव्हतंच म्हणा, पण मला कुठे ठाऊक होतं. चार दिवस जीव टांगणीला लागला होता, तो आत्ता कुठे भांड्यात पडलाय. पोटऱ्या अशा भरून आल्यात की कपबशी ठेवायला उठायचं तरी भिंत धरावी लागते. तरी लिहायला बसले. हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाला सांगून त्यातलं काही कळायचंही नाही.

तू गेलीस त्याला अजून महिना व्हायचाय. गल्लीतल्या बाया म्हणतात, अक्का, तुला लिहिता येतं, शमीमबीवर चार ओळी लिही. आता काय लिहू? कुठे जन्मली, लग्न केव्हा झालं, दुकान किती वर्षं चालवलं, ते सांगायला तुझी लेक नसीम आहे. मला ते येतही नाही. मला तुझ्याशी बोलता येतं, तेवढं मी करते. आणि या खेपेला तू मध्ये तोंड घालणार नाहीस, म्हणजे माझं वाक्य पुरं तरी होईल.

आपली ओळख फाटक्या कागदांनी करून दिली. माझी शाळा धरणगावात सातवीला सुटली. पुढचं जे काही शिकले ते जुन्या मासिकांतून, आणि त्या मासिकांची पानं हातात यायला लागली तेव्हा मी ती पिशवीत भरून जळगावच्या जुन्या बाजारात तुझ्या बाइंडिंगच्या दुकानात घेऊन आले. तुझे मियाँ नुकतेच गेले होते. गिऱ्हाइकं दारात उभी राहून, तू समोर बसलेली असताना, ‘कुणी आहे का दुकानात?’ असं विचारायची. तू सुईत दोरा ओवत म्हणायचीस, "नाही, कुणी नाही. पुस्तकं आपली आपणच शिवून घेतात." ते ऐकलं आणि मी तिथेच स्टुलावर बसले. चहा पिऊनच उठले.

मग आपल्या दोघींना एकाच वर्षी साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. आपण मैदानाला फेऱ्या मारायला लागलो. पंधरा दिवसांत तू वैतागलीस. "अक्का, घाण्याचा बैल गोल फिरतो तर निदान तेल तरी निघतं. आपलं काय निघतंय?" त्या एका प्रश्नापायी आपण दोघी, साठीला टेकलेल्या, डोंगर चढायला लागलो. लोक हसले. माझ्या सुनेनं तर विचारलं, "आई, काही नवस बोललाय का?"

डोंगर चढायचा तर वाट दाखवणारं पुस्तक पाहिजे, हे मात्र तुझं डोकं. तेव्हा जळगावात पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. तिथे आपल्या खानदेशातल्या डोंगरवाटांची तीन पुस्तकं मिळाली. एक गुळगुळीत कागदाचं, पानोपानी रंगीत फोटो. एक जाडजूड, त्यात डोंगर कमी आणि राजेमहाराजे जास्त. आणि एक बारकं, हिरव्या पुठ्ठ्याचं, हातानं काढलेले नकाशे, छपाई जेमतेम. मी अर्थातच फोटोवाल्याला हात घातला. स्टॉलवरचा माणूस म्हणाला, "मावशी, ही तरुण मुलांसाठी आहेत."

तू चष्मा काढून पुसलास. "मग बोलवा त्यांना. आम्ही वाचून दाखवतो."

आणि तू तिथेच खाली बसलीस. मुलगी बघायला आल्यासारखी तिन्ही पुस्तकं तपासलीस. आधी उघडून जमिनीवर ठेवलीस. फोटोवालं टपकन मिटलं. "हे गेलं. डोंगरावर एका हातात काठी असते. पुस्तकाला दोन हात कुठून आणायचे?" मग मला म्हणालीस, "अक्का, तुम्हाला पाठ असलेली एखादी वाट काढा." मी चाळीसगावकडची आमच्या कुलदेवीच्या डोंगराची वाट काढली. लग्न झाल्यापासून जातेय, डोळे बांधले तरी जाईन. "आता वाचा, आणि कोण खोटं बोलतंय ते सांगा." जाडजूड पुस्तकानं देवीची महती चार पानं सांगितली होती आणि वाट एका ओळीत उरकली होती. बारक्या पुस्तकात लिहिलं होतं, ‘पायऱ्या संपल्यावर डावीकडे एक वाट फुटते ती गुरांची आहे, तिकडे जाऊ नये.’ मला हसूच आलं. त्या गुरांच्या वाटेनं माझे सासरे नैवेद्याचा डबा घेऊन अर्धा दिवस भटकले होते.

शेवटी तू बोट ठेवलंस ते एका लहानशा ओळीवर. प्रत्येक वाटेच्या खाली त्या लेखकानं लिहिलं होतं, ही वाट मी कोणत्या महिन्यात चाललो. "बघा अक्का. डोंगर दर महिन्याला वेगळा असतो, हे ह्याला माहिती आहे. हा माणूस घरी बसून लिहीत नाही." ते वाक्य मी तेव्हा ऐकलं. नीट ऐकलं असतं तर पुढचं रामायण घडलं नसतं.

पुस्तक आणलं आणि तू त्या नव्याकोऱ्या पुस्तकाची शिवण उसवलीस. मी तुझा हात धरायला धावले, तर म्हणालीस, "बसा गप." प्रत्येक पानाच्या शेजारी एक कोरं पान घातलंस, जाड दोऱ्यानं पुन्हा शिवलंस, पाठीला कापड लावलंस, खळ वाळेपर्यंत वर दगड ठेवलास. बारकं पुस्तक बाळंतिणीसारखं गुबगुबीत होऊन बाहेर आलं. "छापलेलं त्याचं, कोरं आपलं," म्हणालीस. आणि लगेच कायदाही केलास. कोऱ्या पानावर लिहायचं ते पेन्सिलनं, आणि तिथे उभं राहून. घरी येऊन एक अक्षर लिहायचं नाही. "घरी आलं की पाय विसरतात, आणि तोंड वाढवून सांगतं."

किती वाटा झाल्या गं आपल्या. पुस्तकातला एक तास म्हणजे आपले दोन, हा पहिला शोध. ‘सोपी चढण’ असं कुठे छापलेलं दिसलं की तू शेजारच्या कोऱ्या पानावर लिहायचीस, ‘कुणासाठी?’ परतीची शेवटची एस. टी. किती वाजता, ते गावातल्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक असतं, हाही शोध तुझाच. तेही पानावर जायचं, म्हाताऱ्याच्या खुणेसकट. ‘लाल पागोटं, कमी ऐकू येतं, पण वेळ बरोबर सांगतात.’ मी कळण्याच्या पुऱ्या आणि ठेचा आणायची, तू उकडलेली अंडी. आमच्याकडे चालत नाही म्हणून तू माझ्याकडे पाठ करून अंडं सोलायचीस. एकदा मी म्हटलं, "पाठ कशाला करतेस, वारा माझ्याकडेच येतोय." तू मान न वळवता म्हणालीस, "मग वाऱ्याला सांग. मी तर पाठ केली."

पहिली दोन वर्षं तू मला ‘तुम्ही’ म्हणायचीस. मग एका उतारावर माझा पाय घसरला आणि तू माझा दंड धरून ओरडलीस, "अगं अक्का, बस, खाली बस!" चढताना मी ‘तुम्ही’ होते, उतरले ती ‘तू’ होऊन. बरं वाटलं होतं मला. तेही कधी बोलले नाही.

आता टाक्याच्या डोंगरावर येते. धुळ्याच्या पुढे साक्री रस्त्याला फाट्यावर उतरायचं आणि आत चालत जायचं. पुस्तकात त्याला एकच पान आहे. माथ्याच्या खाली खडकात कोरलेलं टाकं आहे, एवढंच छापलंय. त्यात पाणी असतं की नाही, त्यावर तो भला माणूस गप्प. आपण पाच वर्षांपूर्वी संक्रांत झाल्यावर गेलो. टाकं काठोकाठ भरलेलं, पाणी इतकं गार की दात शिवशिवले. तिथे शेळ्या घेऊन एक बाई बसली होती. मी विचारलं, पाणी प्यायला चांगलं आहे ना? ती म्हणाली, "शे ना माय, बठ्ठा गाव पेस."

सगळं गाव पितं म्हटल्यावर मला कोण आनंद झाला. लिहायला पेन्सिल काढली तर टोक मोडलेलं. चाकू दोघींकडेही नाही. तू म्हणालीस, "राहू दे अक्का. पुन्हा येऊ तेव्हा लिहू." पण मला कुठला धीर. पुस्तक त्या आठवड्यात माझ्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुकर लावला आणि शाईच्या पेनानं लिहून टाकलं, ‘टाक्यात बारमाही गोड पाणी. खालून ओझं वाहू नये, वर भरून घ्यावं.’ तसं उभी राहूनच लिहिलं, फक्त ओट्याशी. अक्षर काय सुरेख आलं होतं. महिना घातला नाही. बारा महिने मी एका दुपारीत पाहून टाकले.

एप्रिलमध्ये पुस्तकाची पाठ सैल झाली म्हणून तू ते दुकानात घेऊन गेलीस. मी आले तर ते तुझ्या मांडीवर उघडं.

"अक्का, हे शाईनं लिहिलंय."

"मग?"

"डोंगरावर शाई कुठे होती?"

"अगं, टाकं तूही पाहिलंस, मीही पाहिलं. त्यात खोटं काय आहे?"

"बारमाही कुणी पाहिलं?"

"त्या बाईनं सांगितलं ना."

"ती म्हणाली, गाव पितं. बारा महिने पितं असं नाही म्हणाली."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि मी तुझ्याहून चार वर्षांनी मोठी. म्हटलं, "सातवी शिकलेल्या बाईनं लिहिलेलं तुला खटकणारच. तू काय बाई, रोज मोठ्यामोठ्यांची पुस्तकं शिवतेस." फार वाईट बोलले, शमीम. पुस्तक मिटलंस आणि त्यावर तुझा वजनाचा दगड ठेवलास. मी पायऱ्या उतरून चालू लागले.

अकरा दिवस आपण बोललो नाही. मी तुझ्या बोळावरून भाजीला जायची ते सोडून लांबच्या रस्त्यानं जायला लागले. बाराव्या दिवशी तू दारात उभी. चेहरा रापलेला, नाकाची सालं निघालेली, काखेत टरबूज. "नसीमकडे गेले होते धुळ्याला," म्हणालीस. "काय ऊन आहे गं तिकडे." टरबूज कापलंस, बिया काढून फोडी माझ्यापुढे सरकवल्यास, आणि पानाचा विषय काढलाच नाहीस. मला वाटलं, हरली. ते पान मीही पुन्हा कधी उघडलं नाही. मनातल्या मनात मी केवढी खूश झाले होते. आज ते आठवलं की कान गरम होतात.

पुढे दोन वर्षांनी साक्रीच्या एस. टी. त माझ्या शेजारी एक आबा बसले होते, त्याच फाट्यावर उतरणारे. मी फुशारकीनं त्यांच्या टाक्याच्या पाण्याचं कौतुक केलं. ते हसले. "हाव माय, पन होळीलगून. मंग तठे काहीच नही ऱ्हास."

होळीपर्यंतच. पुढे काहीच राहत नाही. मी खिडकीबाहेर बघत बसले. त्याच दिवशी घरी येऊन तुला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मनाची समजूत घातली की पुस्तक आपल्या दोघींचंच आहे आणि उन्हाळ्यात आपण कुठे त्या डोंगरावर चाललोय. खरं कारण निराळं होतं. जिंकलेलं भांडण परत करायला जीव होत नाही.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी रोज यायची. एका दुपारी तर ठरवूनच आले होते. तुझी उशी नीट केली आणि म्हटलं, "शमीम, एक सांगायचं राहिलंय. ते टाक्याच्या डोंगराचं पान..." तू डोळे मिटूनच म्हणालीस, "मालूम है अक्का. केळं सोल." मला वाटलं, औषधाची गुंगी आहे. मी केळं सोललं. अर्धं तू खाल्लंस, अर्धं मला दिलंस, आणि माझं वाक्य तिथेच राहिलं. दोन दिवसांनी तू गेलीस. रडू तर आलंच, पण रडण्याच्या खाली ते अर्धं वाक्य टोचत होतं, चपलेत खडा अडकावा तसं.

गेल्या गुरुवारी नसीमला भेटायला तुझ्या घरी गेले. ती तुझी हत्यारं एका कापडात बांधून ठेवत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आमचं डोंगराचं पुस्तक कुठे आहे गं?

"ते अम्मीनं सिस्टरला दिलं ना, मौसी. वैशाली सिस्टर, वॉर्डातल्या. बोदवडहून येतात बघा, त्या. अम्मी त्यांना रोज डोंगराच्या गोष्टी सांगायची. आता चाललेत ते लोक, येत्या रविवारी. तुमच्या त्या टाक्याच्या डोंगरावर."

"कोण कोण?"

"सिस्टर, त्यांची आई, बहीण आणि बहिणीची दोन लहान लेकरं. जीप ठरवलीये त्यांनी."

होळी होऊन गेलेली. खानदेशातलं ऊन. वर दोन लेकरं आणि एक म्हातारी. आणि पुस्तकात माझ्या सुरेख अक्षरात, खालून ओझं वाहू नये.

नसीमनं तुझी ती डोंगरावर लिहायची चपटी पेन्सिल माझ्या हातात ठेवली, "ही तुम्ही ठेवा मौसी," म्हणाली. मी काय बोलले मला आठवत नाही. बाहेर येऊन सिस्टरला फोन लावला. सगळं दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण जिनं तुझी इतकी सेवा केली, जी मला ‘लेखिका अक्का’ म्हणून चिडवायची, तिला फोनवर कसं सांगू की मी खोटं लिहून ठेवलंय? एवढंच म्हणाले, "सिस्टर, रविवारी पाणी भरपूर न्या हं."

ती कामात होती. "हो अक्का, पाण्याचं पुस्तकात वाचलंय मी. काळजी करू नका." आणि फोन ठेवला.

पाण्याचं पुस्तकात वाचलंय.

शुक्रवारी तिची सुटी होती. सकाळच्या गाडीनं निघाले. भुसावळला गाडी नेहमीसारखी रेंगाळली. इंजिनांच्या शिट्ट्या, चहावाले, चढणारी उतरणारी माणसं, आणि मी खिडकीशी मांडीवर पिशवी घट्ट धरून, कुणी पळवून नेईल अशी. पिशवीत होतं काय, तुझी पेन्सिल. ठरवलं होतं की तिच्यासमोर माझ्या हातानं ती ओळ खोडायची. बोदवडला उतरून विचारत विचारत घर गाठलं. अंगणात बाजेवर पातळ पसरून सिस्टरची आई कुरडया घालत होती. सिस्टर मला बघून दचकली.

"अक्का? एवढ्या लांब? काय झालं?"

मी बसलेसुद्धा नाही. "पुस्तक आण. त्यात टाक्याच्या डोंगराचं जे पान आहे ना, ते खोटं आहे. मी लिहिलंय ते. तिथे बारमाही पाणी नाही. मी घरी बसून लिहिलं. आत्ता तिथे थेंबही नसेल."

झालं. पाच वर्षांपूर्वीची चूक, तीन वर्षं घशात अडकलेलं वाक्य, कुरडयांच्या समोर एका दमात बाहेर पडलं. सिस्टरची आई सोऱ्या हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

सिस्टर आत गेली आणि पुस्तक घेऊन आली. "पण अक्का, यात तर कोरडं म्हणूनच लिहिलंय. त्यावरून तर मी दहा बाटल्या काढून ठेवल्यात."

मी चष्मा लावला. पान उघडलं. माझी निळी ओळ दिसेना. त्या जागी पिवळट कागदाची एक पट्टी, वरच्या कडेनं तेवढी खळीनं चिकटवलेली, आणि तिच्यावर पेन्सिलनं तुझं ते सुटं सुटं, एकेक अक्षर बोट धरून आणल्यासारखं मराठी:

‘अक्का बरोबर आहे, जानेवारीत. एप्रिलमध्ये टाकं कोरडं, तळाला भेगा. माणशी दोन मोठ्या बाटल्या खालूनच न्याव्यात. उभी राहून लिहिलं. शमीम.’

खाली तारीख. ती तारीख मी बोटांवर मोजली, दोनदा मोजली. आपल्या अबोल्याचा आठवा दिवस.

पट्टी उचलली. खाली माझी ओळ जशीच्या तशी. एक काना खरवडलेला नाही. जुन्या पोथ्या दुरुस्तीला यायच्या तेव्हा तू मला सांगायचीस, दुसऱ्याचं अक्षर खोडायचं नाही, वर पट्टी लावायची, आणि तीही एकाच कडेनं, म्हणजे खालचं ज्याला वाचायचं त्याला वाचता येतं. पोथ्यांचं ठीक आहे गं. पण मी तुला भर दुकानात टोचून बोललेली बाई. माझ्या चुकीवर पांघरूण घालायला तू एप्रिलच्या उन्हात डोंगर चढलीस, कारण घरी बसून माझी चूक सुधारणं तुझ्या कायद्यात बसत नव्हतं. आणि सुरुवात कशानं केलीस, तर अक्का बरोबर आहे.

मी बाजेच्या कडेला टेकले आणि हसायला लागले, मग रडायला लागले, मग काय करतेय ते मलाच कळेना. सिस्टरच्या आईनं पाणी आणून दिलं. "प्या अक्का, बारमाही आहे," म्हणाली. कुरडया घालता घालता बाईनं सगळं ऐकलं होतं.

मालूम है अक्का. ती गुंगी नव्हती तर.

तिथून पुढे सिस्टर मला सोडेना. तुम्हीही चला, म्हणाली. शनिवारी त्यांचा मुक्काम धुळ्याला तिच्या मावशीकडे होता, मी नसीमकडे उतरले. ती सकाळीच सासरी परतली होती. तिला मी त्या एप्रिलबद्दल विचारलं.

"आली होती ना अम्मी," नसीम म्हणाली. "संध्याकाळी आली, चेहरा हा असा लाल. बादलीत पाय घालून बसली तासभर. मी विचारलं कुठून आलीस, तर म्हणे डोंगरावरून. मी ओरडले, एकटी? तर म्हणे एकटी कुठे, अक्काशी भांडत भांडत गेले."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"नको म्हणाली. अक्काचं मन कागदासारखं आहे, ओलं असताना हात लावला तर फाटतं. वाळलं की सांगेन."

वाळायला मी पाच वर्षं लावली. तू थांबलीस. मग थांबायला तुझ्याकडे वेळ उरला नाही, इतकंच. हे मी दुःखानं लिहितेय असं समजू नकोस. शनिवारी नसीमच्या घरी मी जेवले, दोनदा भाजी मागून घेतली, आणि कितीतरी दिवसांनी आडवी होताच झोपले.

काल रविवारी उजाडता उजाडता चढायला लागलो. सिस्टर आणि तिची बहीण लेकरांना घेऊन पुढे, मी आणि सिस्टरची आई मागे. बाई बोलकी निघाली, तुझ्यासारखी नाही पण चालेल. पुस्तकाचा दीड तास, आमचे तीन. एका वळणावर कोऱ्या पानाच्या मागच्या बाजूला तू लिहिलेलं सापडलं, ‘इथे अक्का म्हणेल बसू या. बसू द्यावं.’ मी बसले.

टाकं कोरडं होतं. कडेला पाण्याच्या जुन्या रेघा, तळाला एका कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढी ओल, तिच्यावर मधमाश्या. लहानी पोर पोटावर पडून आत डोकावली.

"आजी, पाणी कुठे आहे?"

"जानेवारीत," मी म्हटलं.

लेकरांनी बाटल्या रिकाम्या केल्या. खालून आणलेल्या. दोघं घटाघट पीत होती आणि मी एकेक घोट बघत होते, माझ्याच घशाखाली उतरल्यासारखा. मग पिशवीतून तुझी चपटी पेन्सिल काढली. खोडायचं होतं ते खोडलं नाही. तुझ्या पट्टीच्या खाली, मोकळ्या जागेत लिहिलं, ‘मार्च. हाताएवढी ओल, पाणी नाही. शमीम बरोबर आहे.’ सिस्टर म्हणाली, "अक्का, बसून लिहा ना, पाय थरथरतायत तुमचे." मी नाही बसले. अक्षर वेडंवाकडं आलंय, पण उभ्यानं आलंय.

पुस्तक सिस्टरकडेच ठेवलं. तू तिला दिलंस ते दिलंस. तिच्या वाटा तिनं लिहाव्यात, कोरी पानं पुष्कळ आहेत. पेन्सिल तेवढी मी परत आणली.

आता हे सगळं मात्र मी घरी बसून लिहिलंय, शमीम, पाय पाटावर ठेवून, आणि शाईनं. म्हणजे तुझ्या कायद्यानं यातलं काही धरायचं नाही. कुठे वाढवून सांगितलं असेल तर वर पट्टी लाव. फक्त एकाच कडेनं चिकटव.